सातबाराचा उतारा आणि शेतकऱ्याचे अनुदान

(आंबोली, गेळे व चौकुळ या गावांच्या उदाहरणावरून)

शेतकऱ्यास शासनाकडून होणारे द्रव्यसाहाय्य दोन प्रकारचे असते. एक कर्जरूपाने मिळते आणि दुसरे अनुदानरूपाने. आपल्या खेड्यांतील वृद्ध माणसे अजूनही सरकारी पैशास ‘तगाई’ म्हणतात. 1883 व 1884 सालच्या कायद्यांनुसार विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणे आणि बैल यांसाठी ही तगाई मिळत असे व ती व्याजासह परत करावी लागे. अनुदान परत करावे लागत नाही. हा फरक मोठा आहे. तथापि एका बाबतीत दोन्ही सारखीच आहेत. पैसे देणारा अधिकारी प्रथम एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे? कसणारा कोण, हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्याकडे अनुदानासंबंधी ज्या तक्रारी येतात, त्यांतील बऱ्याच ‘पैसे आले नाहीत’ या शब्दांत मांडलेल्या असतात. कार्यकर्ता मग बँकेत चौकशी करतो, अर्जाचा क्रमांक पाहतो आणि तालुक्याच्या कचेरीस पत्र लिहितो. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यात, आणि विशेषेकरून सह्याद्रीच्या माथ्यावरील गावांत, तक्रारीचे मूळ अनेकदा बँकेत नसून सातबाराच्या उताऱ्यात असते. यास्तव चौकशीचा क्रम उलटा करावा, म्हणजे आधी उतारा पाहावा आणि मग पासबुक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कबुलायतदार गावकर

आंबोली हे सावंतवाडी तालुक्यातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर वसलेले आहे. पावसाचे मान वर्षाला साधारणपणे सात हजार मिलिमीटर. हिरण्यकेशी नदी येथेच उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाते. भात व नाचणी ही येथील जुनी पिके होत. तालुक्याची कचेरी घाटाखाली सुमारे तीस किलोमीटरवर असल्यामुळे एका दाखल्यासाठी खाली जाऊन येण्यात शेतकऱ्याचा सबंध दिवस मोडतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर तेही शक्य नसते.

सावंतवाडी संस्थानाच्या काळात आंबोली, गेळे व चौकुळ या गावांतील जमिनींची व्यवस्था एका वेगळ्या पद्धतीने झाली होती. गावकऱ्यांनी जमीन लागवडीस आणावी, वस्ती टिकवावी आणि ठरलेला धारा भरावा, अशी लेखी कबुली ते संस्थानास देत. या लेखास कबुलायत म्हणत, आणि ती देणारे ते कबुलायतदार गावकर. जमीन एका माणसाची नसे. ती गावकीची असे. कोणते कुटुंब कोणता मळा कसते हे गावात सर्वांना ठाऊक असे, परंतु ते कागदावर वेगवेगळे लिहिलेले नसे. जोपर्यंत धारा एकत्र भरला जात होता आणि सरकारास फक्त धाऱ्याशी कर्तव्य होते, तोपर्यंत यात कोणाचे अडले नाही.

1948 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यात आले आणि 1 मे 1981 पासून हा मुलूख सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. राज्य बदलले, जिल्हा बदलला, तरी उताऱ्यावर कबुलायतदार गावकर हेच नाव राहिले. पुढे 1999 साली ते नाव जाऊन त्या ठिकाणी ‘महाराष्ट्र शासन’ असे नाव लागले. काही क्षेत्रांवर वनाची नोंदही आहे. शेतात राबणारे हात तेच राहिले. कागदावरचा धनी मात्र बदलला.

या एका नोंदीमुळे काय घडले ते शेतकऱ्यास सांगण्याची गरज नाही, परंतु नव्याने आलेल्या कार्यकर्त्याने ते नीट समजून घ्यावे. पीककर्ज मागावयास गेल्यास सोसायटी स्वतःच्या नावाचा उतारा मागते. पीकविम्यास उतारा लागतो. अतिवृष्टीने भात आडवे झाले तर पंचनाम्यात खातेदाराचे नाव लिहावे लागते. फळबागेच्या अनुदानाचा अर्ज उताऱ्यावाचून पुढे सरकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारे कुटुंब अशा प्रकारे कागदोपत्री शेतकरीच ठरत नाही.

या जमिनी कसणाऱ्या कुटुंबांच्या नावे करण्याचा प्रश्न दीर्घकाळ शासनापुढे राहिला असून गेल्या काही वर्षांत त्या दिशेने पावले पडली आहेत. तिन्ही गावे आणि त्यांतील सर्व गट एकाच पायरीवर आहेत असे मात्र समजू नये. म्हणून ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहता प्रत्येकाने आपण कसत असलेल्या गटाचा उतारा आजच्या तारखेचा काढून पाहावा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा 15 रुपयांत मिळतो आणि तो सर्व शासकीय कामांस चालतो. पाच वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला उतारा जपून ठेवावा, पण अर्जास जोडू नये.

सहा हजारांचा हिशेब

आता सर्वांच्या परिचयाचे असे एक अनुदान घेऊ. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना 24 फेब्रुवारी 2019 रोजी सुरू झाली. पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी 6000 रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, थेट बँक खात्यात मिळतात. प्रारंभी दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांपुरती असलेली ही योजना त्याच वर्षी सर्व जमीनधारक शेतकऱ्यांना लागू झाली. महाराष्ट्र शासनाने 2023 साली नमो शेतकरी महासन्मान निधी सुरू करून त्यात आणखी 6000 रुपयांची भर घातली. राज्याची यादी केंद्राच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून पहिल्या यादीतून जो वगळला गेला तो दुसऱ्या निधीसही मुकतो. वर्षाचे बारा हजार रुपये ही रक्कम मोठ्या बागायतदारास किरकोळ वाटेल, परंतु डोंगरमाथ्यावर थोडे भात व नाचणी पिकवणाऱ्या घरात खत, बियाणे आणि नांगरटीचे भाडे यांचा बराचसा भार त्यातून हलका होतो.

या योजनेत ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी व त्यांची अज्ञान मुले. एका कुटुंबास एकच लाभ मिळतो. आयकर भरणारे, दरमहा दहा हजार रुपये किंवा त्याहून अधिक निवृत्तिवेतन घेणारे, चतुर्थ श्रेणी वगळता अन्य शासकीय नोकर, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते वगैरे यातून वगळले आहेत. हे नियम बहुतेकांना ठाऊक झाले आहेत. ज्याकडे फारसे लक्ष जात नाही तो नियम तारखेचा होय. योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 1 फेब्रुवारी 2019 रोजी जमिनीच्या अभिलेखात ज्याचे नाव होते तो पात्र. त्यानंतर पाच वर्षांतील बदल धरावयाचे नाहीत. अपवाद फक्त खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसांच्या नावे झालेल्या नोंदीचा.

आंबोली परिसरातील शेतकऱ्यास या नियमाचे महत्त्व फार आहे. ज्या कुटुंबाच्या नावे जमीन आज किंवा उद्या लागेल, त्याच्या उताऱ्यावरील फेरफाराची तारीख 2019 च्या पुढची असणार, आणि ती वारसाची नोंदही असणार नाही. अर्थात जमीन मिळाली म्हणजे निधी आपोआप सुरू झाला असे होत नाही. अशा शेतकऱ्याने नोंदणीचा अर्ज करताना जमीन नव्याने विकत घेतलेली नसून पूर्वापार कबुलायतीची आहे, हे दर्शविणारे जुने उतारे, धाऱ्याच्या पावत्या आणि वाटपाचा आदेश सोबत जोडावा. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. तोंडी नकारावर अपील करता येत नाही, ही गोष्ट कार्यकर्त्याने शेतकऱ्यास पुनःपुन्हा सांगितली पाहिजे.

ज्यांच्या जमिनीवर वनाची नोंद आहे त्यांची वाट निराळी आहे. 2006 सालच्या वनहक्क कायद्याखाली ज्यास रीतसर पट्टा मिळाला आहे, असा शेतकरी या निधीस पात्र धरला जातो. मात्र आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासी कुटुंबास तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. संस्थानकालीन कागद ज्या घरांत पेटीच्या तळाशी पडले असतील त्यांनी ते वाळवीपासून वाचवावेत.

अन्यत्र काय झाले

जमिनीचा मालक आणि जमीन कसणारा यांतील अंतर केवळ आपल्याकडेच अनुदानाच्या आड आले असे नाही. अमेरिकेत 1933 साली शेतमालाचे भाव सावरण्यासाठी कायदा झाला आणि कापसाची लागवड कमी करणाऱ्यास सरकार पैसे देऊ लागले. करार जमीनमालकाशी होई. त्याने कुळास व वाटेकऱ्यास त्यांचा हिस्सा द्यावा अशी अपेक्षा होती. पुष्कळ ठिकाणी तो हिस्सा मिळाला नाही, उलट लागवड कमी झाल्याचे निमित्त करून कित्येकांस शेतावरून काढून टाकण्यात आले. 1934 साली आर्कान्सा राज्यात गोऱ्या व काळ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन आपली संघटना उभारली ती याच कारणाने. आपल्या देशात तेलंगणाने 2018 साली एकरी 4000 रुपये दर हंगामास देण्यास आरंभ केला, तेव्हा खंडाने कसणारे शेतकरी त्याबाहेर राहिले. उलटपक्षी ओडिशाने त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर केलेल्या योजनेत वाटेकरी व भूमिहीन यांनाही स्थान दिले. तेव्हा केवळ उताऱ्यावरील नावासच पैसा मिळावा हा काही सृष्टीचा नियम नव्हे. तो धोरणाचा भाग आहे. परंतु धोरण बदलेपर्यंत कागद पुरा करणे हेच शेतकऱ्याच्या हाती असते.

सामाईक खाते आणि मयत खातेदार

कबुलायतीचा प्रश्न तीन गावांचा आहे. घाटाखाली उतरल्यावर सबंध जिल्ह्यात दुसरा प्रश्न भेटतो, तो सामाईक खात्याचा. आजोबांच्या नावाचा एक उतारा असतो; त्यांचे चार मुलगे, त्यांची मुले, मुली, सुना अशी वीस-पंचवीस नावे त्यावर चढतात, आणि त्यांतील निम्मी माणसे मुंबईस असतात. काही ठिकाणी याहून वाईट स्थिती असते: आजोबा निवर्तून तीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर तेच एकटे ‘जिवंत’ असतात!

फळबागेचे उदाहरण पाहू. 1990 साली रोजगार हमी योजनेशी जोडून महाराष्ट्रात फळझाड लागवडीस अनुदान सुरू झाले आणि कोकणातील वरकस डोंगर काजू-आंब्याखाली आले. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राने काढलेली वेंगुर्ला-4 व वेंगुर्ला-7 ही काजूची कलमे त्या लाटेत सर्वत्र पसरली. 2018-19 पासून भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना चालू झाली. तीत अनुदान तीन वर्षांत 50, 30 व 20 टक्के अशा हप्त्यांनी मिळते, आणि पुढचे हप्ते झाडे ठरलेल्या प्रमाणात जिवंत असतील तरच मिळतात. कोकण विभागात या योजनेसाठी किमान 10 आर म्हणजे सुमारे 10 गुंठे आणि कमाल 10 हेक्टर क्षेत्राची मर्यादा आहे. अर्जदार सामाईक खातेदार असल्यास इतर खातेदारांची संमती लागते, आणि लाभ त्याच्या हिश्श्याच्या मर्यादेत मिळतो.

समजा, एका सामाईक खात्यावर 2 हेक्टर 40 आर जमीन आहे व सारख्या हिश्श्याची 16 नावे आहेत. प्रत्येकाचा हिस्सा 15 आर येतो. तो किमान मर्यादेच्या वर आहे. सात बाय सात मीटर अंतराने हेक्टरी सुमारे 200 काजू कलमे बसतात, म्हणजे या शेतकऱ्यास आपल्या हिश्श्यात 30 कलमे लावता येतील. आता याच खात्यावर वारसनोंदीने नावे वाढून 32 झाली, तर हिस्सा साडेसात आरवर येतो आणि गावात राहून प्रत्यक्ष राबणारा भाऊ मर्यादेबाहेर जातो. वारसनोंद करू नये असा याचा अर्थ नव्हे. वारसनोंदीपाठोपाठ वाटपही करून घ्यावे, असा अर्थ आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सर्व सहधारकांच्या संमतीने खातेफोड करता येते. ज्या भावंडांस शेती करावयाची नाही त्यांनी आपले क्षेत्र एका बाजूस, वा घराच्या परड्यात, घ्यावे व कसणाऱ्याचा तुकडा अखंड ठेवावा. असा समंजसपणा दाखविणारी कुटुंबे कोकणात नाहीत असे नाही.

वारसनोंदीस खर्च नाही. खातेदार मृत झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वारसांनी मृत्यूचा दाखला व वारसांचा तपशील घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यास, ज्यास लोक अजून तलाठीच म्हणतात, वर्दी द्यावी. फेरफाराची नोटीस लागते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मृत खातेदाराच्या नावे किसान निधीचे हप्ते येत राहिले आणि घरच्यांनी ते उचलले, तर ती रक्कम पुढे वसुलीस पात्र ठरते, हेही घरोघरी सांगून ठेवावे. दुःखाच्या घरी पैशाची गोष्ट काढणे बरे दिसत नाही, म्हणून कार्यकर्ते संकोचतात. परंतु तेराव्यानंतर महिन्याभरात एक फेरी अवश्य करावी.

कुळाचा प्रश्नही येथेच सांगितला पाहिजे. 1948 च्या कुळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कसणारा मालक झाला खरा, तथापि काही उताऱ्यांवर कुळाचे नाव अजून ‘इतर हक्क’ या रकान्यातच पडून आहे. फळबागेच्या अर्जास अशा कुळाची संमती लागते. उतारा वाचताना भोगवटादाराच्या नावाशी थांबू नये. खालचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

उताऱ्यानंतरची वाट

उतारा ठीक असला म्हणजे पुढचे अडथळे तुलनेने लहान आहेत. कृषी विभागाच्या योजनांसाठी 15 एप्रिल 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. हा क्रमांक आधार आणि उतारा यांची सांगड घालूनच निघतो. उताऱ्यावर ‘पांडू’ व आधारावर ‘पांडुरंग’ असल्यास काम अडते. हंगामात ई-पीक पाहणी करून आपले पीक उताऱ्यावर नोंदवावे. भाताचे नुकसान झाले आणि उताऱ्यावर पड जमीन दिसत असली, तर पंचनाम्याच्या वेळी बोलण्यास तोंड राहत नाही.

पैसा कोणत्या खात्यात जातो यासंबंधी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. शेतकरी समजतो की अर्जावर जे खाते लिहिले तेथेच पैसे येतील. वास्तविक आधारावर आधारलेले वाटप शेवटी ज्या बँक खात्याशी आधार जोडला गेला त्या खात्यात जाते. मुलाने मुंबईस नेऊन वडिलांचे नवे खाते उघडले, किंवा टपाल कचेरीत खाते काढताना अंगठा दिला, तर पुढचा हप्ता तेथे जाऊन पडतो आणि शेतकरी इकडे जुन्या शाखेत खेटे घालीत राहतो. अशा वेळी सर्व पासबुके एकत्र मांडून भरून घ्यावीत. हरवलेला हप्ता पुष्कळदा त्यांतल्या एकात सापडतो.

आंबोली परिसरात गव्यांचा उपद्रव मोठा आहे. रात्रीत कळप उतरला तर नाचणीचे वाफे सकाळी ओळखू येत नाहीत. याची भरपाई वनविभाग देतो; मात्र घटना घडल्यापासून तीन दिवसांत जवळच्या वन अधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवावे लागते. वनजमिनीवर अतिक्रमण करून केलेल्या पिकास ही भरपाई मिळत नाही. ज्या शेतकऱ्याच्या पूर्वापार मळ्यावर वनाची नोंद बसली आहे, त्याच्यावर येथे दुहेरी प्रसंग ओढवतो. गवा पीक खातो, आणि कागद त्याला अतिक्रमक ठरवू पाहतो. अशाही शेतकऱ्याने तीन दिवसांची वर्दी द्यावी व तिची पोच घ्यावी. भरपाई नाकारली गेली तरी आपण त्या वर्षी ते शेत कसत होतो, याचा तारखेसह सरकारी पुरावा त्या पोचेने तयार होतो आणि जमीनवाटपाच्या चौकशीत तो उपयोगी पडू शकतो.

याच हेतूने प्रत्येक गावात ग्रामसेवकाने एक वही ठेवावी: गट क्रमांक, उताऱ्यावरील नाव, प्रत्यक्ष कसणारे कुटुंब, पीक, आणि अडलेल्या योजनेचे नाव. कबुलायतीच्या गावांत ही वही गावकीच्या बैठकीत मोठ्याने वाचावी, कारण कोणता मळा कोणाचा याची खरी नोंद वृद्धांच्या स्मरणात आहे आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. वाद निघाल्यास तो तेथेच निघू द्यावा; तहसील कचेरीत निघालेला वाद मिटण्यास फार काळ लागतो.

सामाईक खात्यांच्या संमतीसाठी शिमगा व गणेशचतुर्थी हे दोन काळ साधावेत. चाकरमानी मंडळी त्या वेळी गावी असतात. संमतीचे कागद आधीच लिहून, उतारे काढून तयार ठेवावेत. आरतीनंतर सर्व भाऊबंद एका माजघरात बसलेले असतात, तेव्हा सह्यांस अर्धा तास पुरतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मंडळी परतीच्या गाडीला लागतात. मग तोच कागद डोंबिवली, विरार आणि लालबाग असा फिरत सहा महिने परत येत नाही.